सलंगावरची जाळी

आमच्या गावच्या तलावाच्या सलंगावर ज्याने लोखंडी जाळी ठोकली, त्याचा मी सख्खा मामा लागतो. दुसऱ्या कोणी ठोकली असती तर त्याच दिवशी त्याच्या दारात उभं राहून मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण आमच्या झाडीपट्टीत मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं. भाचा पाळण्यात मुतत पडला असला तरी. भाच्याला 'तुमी' म्हणायचं, त्याला शिवी द्यायची नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही. भाच्याला द्यायचं, भाच्याकडून मागायचं नाही. भाच्यापुढे हात पसरला त्या मामाला आमच्यात माणसात मोजत नाहीत. हा रिवाज कोणी काढला मला माहीत नाही. ज्याने काढला त्याला भाचा नसावा.

तलाव तोंडोतोंड भरला की जादा पाणी ज्या दगडी उतरणीवरून सांडतं, तो सलंग. आमच्या सलंगाचं पाणी नाल्यात उतरतं, आणि नाला धानाच्या बांध्यांमधून वळत वळत वैनगंगेला जाऊन मिळतो. माणसाला वाटतं, हे पाणी वरून खाली जातं, संपलं. मासोळीला तीच वाट खालून वर यायची आहे. आषाढात नाल्याला लाल पाणी सुटलं की नदीतली मासोळी त्या पाण्याकडे तोंड करते आणि चढायला लागते. वाडीस, सिंगूर, मरळ, लहान खवल्यांची पोरंसोरं, सगळी. पोटं अंड्यांनी टरारलेली, चालणं जड, तरी चढते. तिला खोल पाणी नको असतं. ढोपराएवढं उथळ, उन्हाने कोमटलेलं, खाली नवं गवत असलेलं पाणी लागतं. तिथे ती अंडी टाकते. अंडं गवताच्या पात्याला चिकटतं, दुसऱ्या दिवशी फुटतं. पण तेवढा वेळ पाणी हललं नाही पाहिजे. चढलं तर चालेल, उतरलं तर अंडी उन्हात वाळून जातात.

पूर्वी हे सगळं नदीतच होत होतं. वैनगंगेच्या काठाला, रेतीच्या बेटांमागे, गवताची सखल जागा मैलोगणती होती. पूर आला की ती जागा पाण्याखाली जायची आणि पूर आपल्या चालीने हळूहळू उतरायचा. आता खाली धरण झालं. धरणाचं पाणी मागे मागे सरकत आमच्या नदीत येऊन बसलं आहे. बेटं बुडाली, रेती बुडाली, आणि वरून जलपर्णीची हिरवी गोधडी. नदी कधी चढते, कधी उतरते, हे आभाळाकडे पाहून सांगता येत नाही. तिकडे दारं उघडली की इकडे एका रात्रीत हातभर पाणी खाली. मी डोंग्यातून जाताना काठाच्या गवतावर वाळलेली अंडी पाहिली आहेत, पिवळी पडलेली, कण्या सांडल्यासारखी. मुंग्या लागल्या होत्या त्यांना.

म्हणजे उरलं काय? नाल्याची वाट आणि आमच्या तलावाचा पलीकडचा उथळ भाग. जिथे देवधान, ते आपोआप उगवणारं रानधान, उगवतं तो. आणि त्या वाटेच्या तोंडावर माझ्या भाच्याने जाळी ठोकली.

आता त्याची बाजूही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा एकतर्फी लिहितो. तलाव आमच्या ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेकडे आहे आणि भाचा संस्थेचा अध्यक्ष. संस्था दरवर्षी रोहू-कतल्याचं बीज विकत आणते. प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरलेली, त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान पोरं. ती पोरं तलावात सोडतात. तलाव सांडला की ती सलंगावरून नाल्यात, नाल्यातून नदीत. खालच्या गावचे लोक त्यांच्यावर जेवतात. त्यात वाडीस म्हणजे अट्टल चोर. तलावात शिरली की बीज गिळते. हे सगळं खरं आहे. मी कधी खोटं म्हटलं नाही.

मी एवढंच म्हटलं की चढणीचे दिवस जाळी काढा. सगळा पावसाळा नको. पाणी सुटल्याच्या पहिल्या झोतात मासोळी चढते, तेवढे दिवस काढा, मग लावा हवी तर पोलादाची भिंत.

हे मी संस्थेच्या सभेत म्हटलं. भाच्याकडे पाहून म्हटलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हटलं, कारण भाच्याकडे पाहून म्हटलं तर ते मागणं झालं असतं.

भाचा म्हणाला, "मामाजी, जाळी काढली का बीज चाल्लं. मंग दिवाळीले तलावात काय फेकाचं, नुसतं जाळं?"

एक जण मागून बोलला, "मामाजीले वाडीस खावाशी वाटून रायली असन."

सगळे हसले. भाचाही हसला, तोंड खाली घालून. मी घड्याळाकडे पाहतच त्या मागच्याला म्हटलं, "वाडीस मी तुह्या बापाच्या जन्माच्या आंदी खाल्ली. तुले खाले भेटावी म्हनून बोलून रायलो."

"मामाजी, बाजारात रोहू चालते," भाचा म्हणाला. "कोंढ्याच्या बाजारात जाऊन पाहा ना तुमी. लोक वजनदार मासोळी मांगते. वाडीस कोनाले पाह्यजे आता?"

"नदीले पाह्यजे," मी म्हटलं.

"नदी का संस्थेची सदस्य हाय?" परत तो मागचा. परत हसू.

मी उठून घरी आलो. घरी माझं तोंड सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत. भाच्याला शिवी देता येत नाही म्हणून मी गोठ्यातल्या बोकडाला दिली. बोकडाची आई, बोकडाचा बाप, बोकडाला निवडून देणारे. बायकोने ताट वाढलं आणि म्हणाली, "अजी, राग गिळा नाईतर भात गिळा. दोनी एका तोंडात कसे मावतीन?"

मी दोन्ही गिळले. भात पचला.

या भांडणाचं मूळ बीज आणि जाळी यांच्याही मागे आहे, आणि ते सांगताना मला माझ्या बापजाद्यांचाच राग येतो. माझ्या लहानपणी चढणीचे दिवस आले की आमच्या सगळ्या वस्तीची, ढीवरपुऱ्याची, मासोळी धरायची जाळी पाण्याबाहेर निघत. तेव्हा जाळी सणाच्या, म्हणजे तागासारख्या वाखाच्या, सुताची, हाताने विणलेली. मोठ्या हंड्यात येनाच्या झाडाची साल उकळायची, त्या तांबड्या पाण्यात जाळी बुडवायची, मग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाळत घालायची. साल पाजल्याशिवाय सणाचं जाळं एक पावसाळा टिकत नसे. ऊन पडलं नाही तर परत उकळायचं, परत वाळवायचं. तोपर्यंत पाण्यात जाळं टाकायचं नाही. ज्याने चोरून टाकलं त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नसे. त्या दिवसांत आम्ही सुकी मासोळी खायचो, अंबाडीची भाजी खायचो, आणि अख्ख्या पुऱ्याला सालीचा वास यायचा. बाया हंड्याखाली लाकडं सारत एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. आमचे हात कोपरापर्यंत लाल. आणि तिकडे सलंगावरून मासोळी चढत असायची, दिवसाढवळ्या, पाठी चमकवत. कोणी ढुंकून पाहत नसे, कारण हातात जाळंच नव्हतं.

मी एकदा बापाला विचारलं, आता इतकी मासोळी चढून रायली, आपण धरत काहून नाई? बाप म्हणाला, "जाळं सडते म्हनून."

बस. एवढंच. मासोळी अंडी टाकते, तिला जाऊ द्यावं, असं तो म्हणाला नाही. त्याच्या बापानेही त्याला सांगितलं नसणार. त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. पण कायदा त्यांनी जाळ्याला बांधून ठेवला. मग नायलॉन आलं. नायलॉन सडत नाही, त्याला साल लागत नाही. हंडे भंगारात गेले, येनाची झाडं कोणी सोलेना. आणि ज्या दिवशी जाळं सडायचं थांबलं, त्या दिवशी मासोळी धरायला आमच्या हाताला कोणतंही कारण आडवं राहिलं नाही. सरकारने पाळीवर एक पाटी लावली आहे, या महिन्यांत मासेमारी बंद. ती पाटी आता गंजली. तिच्यावर लोक चड्ड्या वाळत घालतात.

बापाने एक वाक्य जास्त बोलायला पाहिजे होतं. मला त्याचा राग आहे. तो मेला तरी आहे.

तर जाळी ठोकली आणि त्याच पावसाळ्यात, आषाढ संपता संपता, तलाव भरून सलंग सुटला. सकाळी पाळीवर कल्ला ऐकू आला. बायको म्हणाली, जाऊ नका. मी गेलो.

सलंगाच्या खाली, पाणी पडून पडून खोलगट झालेली एक जागा आहे. मासोळी तिथे दम घेते आणि मग दगडांवरून उसळी मारत वर जाते. त्या दिवशी ती खोलगट जागा मासोळीने भरून गेली होती. वर जायची आणि जाळीवर आदळायची. पडायची, परत जायची, परत आदळायची. वाडीसचं तोंड मऊ असतं. तोंडं फाटली होती. आणि सभोवती माझा सगळा पुरा उभा होता. काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या, बायांच्या जुन्या साड्या. जाळं कोणाच्याच हातात नव्हतं, जाळ्याची गरजच नव्हती. कोणालाही, लंगड्या-आंधळ्यालाही, दोन्ही हातांनी उचलता आली असती. काठीने डोक्यावर मारायची, टोपलीत टाकायची. मारली की पोट फुटून अंडी दगडांवर सांडत होती, पिवळी, खसखशीसारखी. कुत्रे ती चाटत होते. कोणाच्या तरी कोंबड्या पाळीवरून खाली उतरल्या होत्या.

ढीवर आहोत आम्ही. मासोळी मारणं हे आमचं काम आहे आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. पण असं मारताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. हे कापणीआधी धान पेटवणं होतं. आणि लोक हसत होते, एकमेकांना मोठी वाडीस दाखवत फोटो काढत होते.

त्यात माझी बहीण होती. माझ्या पाठची, गावातच दिलेली, भाच्याची आई. पदर कमरेला खोचलेला, टोपली अर्धी भरलेली. मला पाहून तिचं तोंड फुललं.

"दादा, ये ना गा! काठी देऊ का? आंगावर येऊन रायल्या सरसर!"

मी पाठ फिरवली. घरी गेलो, सब्बल घेतली, पक्कड घेतली. बायको दारात आडवी झाली. "कोठी चालले?" मी म्हटलं, "बोकडाकडं." तिला कळलं. ती बाजूला झाली, पण माझ्या मागेमागे आली, अनवाणी.

जाळी लोखंडी चौकटीत होती आणि चौकट हुकांवर तारेने आवळलेली. तार मी पकडीने तोडली. लोक आधी पाहत राहिले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला वरच्या बाजूने मासोळी धरायची आहे. मग एक हूक सुटला तेव्हा त्या सभेतल्या मागच्याने ओळखलं आणि तो ओरडला, "अबे, जाळी काहाडून रायला! अध्यक्षाले फोन लावा!"

दुसरा हूक गंजला होता. सब्बल घालून उचकला. चौकट एका बाजूने लोंबली, मी ती ओढून पाळीवर टाकली, आणि सलंगाच्या तोंडात उतरून दोन्ही बाजूंच्या दगडांना हात लावून उभा राहिलो. पाणी मांड्यांपर्यंत, आणि ओढ अशी की पाय हलवला असता तर मीही खाली त्या टोपलीत गेलो असतो.

पहिली मासोळी चढली ती माझ्या पिंढरीला घासून. मोठी नव्हती. मग दुसरी. मग मी मोजणं-पाहणं सोडलं, कारण भाचा मोटारसायकलवरून आला होता.

तो बुटांसकट पाण्यात उतरला. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. त्याच्या मागे पुऱ्यातली तरणी पोरं.

"मामाजी, सरका."

"सरकत नाई."

"मामाजी, बीज चाल्लं ना! पाहा ना खाली, चाल्लं!"

खरंच चाललं होतं. माझ्या दोन पायांमधून वर जाड काळ्या पाठी चढत होत्या आणि त्याच पाण्यातून खाली चांदीच्या काड्यांसारखी ती विकत आणलेली पोरं गडगडत जात होती. मला दिसत होतं. मला त्यात काही मजा वाटली नाही.

"सारं बीज माह्या नावानं हाय, मामाजी," भाचा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "उद्या लोक मलेच खातीन."

"तुले खातीन तं खाऊ दे! इतं मासोळीचं पोट फाटून रायलं, तं तुले आपल्या खुर्चीची पडली?"

काठ्या वरच्या वर थांबल्या.  'तुले' म्हटलं होतं मी. भाच्याला. भर पुऱ्यासमोर.

बहिणीने टोपली खाली ठेवली. "दादा," ती म्हणाली, "भाच्याले तुले म्हनलं तू?"

"म्हनलं."

"पाया पडतो ना गा आपन त्याच्या."

"मंग इकडं ये म्हना, पाया पडतो आन पाय धरून ठेवतो. सरकू देत नाई." माझी बायको मागून म्हणाली, "अजी, बस्स करा," पण तिच्या आवाजात बस्स करा असं काही नव्हतं.

भाचा मला हात लावू शकत नव्हता. मी त्याला शिवी देऊ शकत नाही तसा तोही मामाला धक्का देऊ शकत नाही. रिवाज दोन्हीकडून बांधतो. मागची पोरं म्हणाली, आमी काहाडतो. भाच्याने हात आडवा केला. आणि मग तो पाण्याकडे पाहू लागला. मी तेव्हा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्याने मासोळी चढताना इतक्या जवळून बहुतेक कधी पाहिली नसावी. या वयाचा होईपर्यंत त्याला पिशवीतलं बीज माहीत, वजनकाटा माहीत. एक मोठी मादी, हातभर लांब, दगडावरून दोनदा पडली, तिसऱ्यांदा शेपटीने दगडच बडवत वर आली आणि त्याच्या बुटावरून सरपटत तलावात गेली. तो मागे सरकला, जसा कोणी वाट देतो तसा.

"दिवस बुडेपर्यंत," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता. "मंग मी लावतो. मंग कोनाच्या बापाचं आयकनार नाई."

मी मागितलं नव्हतं. तरी त्याने दिलं, आणि मी घेतलं. हे माझ्या घशात आजही मासोळीच्या काट्यासारखं आहे. त्याने भांडायला पाहिजे होतं. मला पाडायला पाहिजे होतं. मग मला मनासारखं रागावता आलं असतं.

दिवसभर मी तिथेच होतो. पुऱ्यातले लोक पांगले, खाली काठ्या घेऊन दोघे-चौघे उरले होते, त्यांच्यावर मी पाळीवरून दगड फेकले. एकाला लागला. त्याने माझ्या आईचा उद्धार केला, मी त्याच्या. संध्याकाळी भाचा नवी तार घेऊन आला, चौकट उचलली, अडकवली, आवळली. मी पाहत बसलो. त्याने ती मीच उचकलेल्या हुकांवर लावली, आणि माझ्यापेक्षा नीट लावली. जाताना म्हणाला, "संस्थेची सभा हाय परवा. तुमच्यावर ठराव घेतीन लोक." मी म्हटलं, घेऊ द्या. बहीण त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. टोपलीतली वाडीस मात्र तिने घरी नेली, शिजवली. वास आमच्या अंगणात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावाच्या पलीकडे गेलो. देवधानात पाणी नुसतं उकळत होतं. वाडीसच्या जोड्या पाठीवर पाठ घासत गवतात घुसत होत्या, शेपट्या आपटत होत्या, नराच्या पोटातला दुधासारखा चीक पाण्यात पसरत होता. जिथे रात्रीच उरकलं होतं तिथलं पाणी शांत झालं होतं आणि पात्यापात्याला अंडी चिकटली होती. मी वाकून पाहिलं. जिवंत अंडं काचेसारखं असतं, आतून उजेड जातो. ती तशी होती.

आणि तेवढ्यात म्हशी आल्या.

तलावाचा तो भाग म्हशींच्या डुंबण्याचा. रोजचाच. शेतकऱ्यांच्या म्हशी, गावच्या कळपातल्या, त्यांनी कोणाला विचारायचं? एक एक करून पाण्यात उतरल्या आणि सरळ देवधानाकडे, पोटापर्यंत चिखलात. मी ओरडलो, काठी हलवली. एका म्हाताऱ्याला म्हैस किती मोजते? मी एकीला वळवली की दुसरी आत. पाय चिखलात रुतला, मी बसलोच पाण्यात.

पाळीवर कोणी तरी उभं होतं. भाचा. कधीचा उभा होता कोण जाणे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"हाकलू का?" त्याने विचारलं.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. विचारायची गोष्ट आहे का ही? कालचं तोंड घेऊन आज विचारतो? मी चिखलातूनच ओरडलो, "इचारून काय रायले? आग लागल्यावर इचारता का इझवू का म्हनून?"

तो उतरला. त्याने म्हशी हाकलल्या. दणकट माणूस आहे, आवाजही आहे. म्हशी काठावर गेल्या आणि त्यांच्यामागे त्यांची मालकीण आली, कुणब्याच्या घरची, हातात विळा, डोक्यावर टोपली.

"का गा, कायले हाकलून रायले म्हशी? तलाव का तुमच्या बापाचा हाय?"

"बापाचा नाई, आजाचा हाय," भाचा म्हणाला. त्याचा आजा म्हणजे माझा बाप. "मासोळीनं अंडी टाकली वो काकू. आज दिवसभर म्हशी सलंगाच्या बाजूनं पाजा."

"अंडी? कोठी हाय अंडी? मले तं नाई दिसत."

"तुमाले दिसाची नाई. वाकून पाहा लागते."

"मले आता तुमच्या मासोळीचं बाळंतपन कराले वाकाले लावता?" बाई म्हणाली, पण म्हशी वळवल्या. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं, आम्ही दोघं वेडे झालो की काय म्हणून.

आम्ही दिवसभर तिथे राहिलो. मी या टोकाला, तो त्या टोकाला. दुपारी बायको डबा घेऊन आली, अर्धा मला दिला आणि माझ्याकडे न पाहता उरलेला अर्धा त्याला नेऊन दिला. तिने त्याच्या पायाला हात लावला. मी मान फिरवली. ऊन चांगलं तापलं होतं, पाणी तेवढंच राहिलं होतं, बोटभरही उतरलं नाही.

दिवस कलताना अंडी फुटायला लागली. पात्यावरून केसाएवढं काहीतरी सुटायचं, थरथरायचं, परत पात्याला चिकटायचं. सगळीकडे. मी त्याला बोलावलं नाही. तो आपणच आला, माझ्याशेजारी वाकला, बराच वेळ पाहत राहिला. संस्थेचा अध्यक्ष तो. उद्या सभेत त्याच्यासमोर माझ्यावर ठराव येणार होता आणि त्यावर त्याचीच सही लागणार होती.

"मामाजी," तो म्हणाला, "हे सारे मोठे झाले तं आपलं किती बीज खातीन?"

"पोटभर," मी म्हटलं.

 पलीकडून परत एक म्हैस पाण्यात उतरत होती. तो तिच्याकडे धावला.